कुत्रा पुढे, ससा मागे

चंद्रपूर कुणी वसवलं, असं विचारलं की शाळेतलं उत्तर ठरलेलं: गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा. पण इथल्या आज्यांना विचाराल तर शहर वसलं ते एका सशामुळे.

राजा झरपट नदीच्या काठाने चालला होता. त्याचा शिकारी कुत्रा एकाएकी जीव मुठीत धरून पळताना दिसला. मागे कोण लागलंय? वाघ नाही, अस्वल नाही. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा! राजा घरी आला आणि हा प्रकार राणीला सांगितला. राणी शहाणी. जिथला ससा कुत्र्याला पळवतो ती जागा साधी नाही, किल्ला तिथेच बांधा, असं तिने सुचवलं. मग कुत्रा नि ससा जिथून जिथून धावले, त्या वाटेवर परकोट आखला गेला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या चार वेशींचा, सुमारे ११ किलोमीटरचा तो कोट आजही शहराला वेढून आहे. सशाच्या कपाळावरच्या चांदावरून गावाला चांदा नाव पडलं, असंही सांगणारे आहेत.

एका शहराच्या पायात इतकी हसवणारी गोष्ट! ती सोळा पानांत, मोठ्या ठळक अक्षरांत, पानाला दोन ओळी अशी छापून या शहरातल्या प्रत्येक दुसरीतल्या मुलाच्या हातात पडायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कारण मूल पहिल्यांदा एकट्याने पुस्तक उघडतं तेव्हा त्याला सोबत लागते. आई शेजारी नसते, बाई शेजारी नसतात. मग पानातच कुणीतरी सोबती हवा, आणि तो माणसापेक्षा प्राणी असला तर फारच छान.

एका अक्षराची अडचण

माझी भाची सात वर्षांची. राहते मूलला. (चंद्रपूर जिल्ह्यात मूल नावाचा तालुका आहे. लहान मुलांवरच्या लेखाला याहून चांगला पत्ता कुठला!) मागच्या उन्हाळ्यात ती ओसरीवर बसून एक गोष्ट वाचत होती. उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली, डावा हात पान उडू नये म्हणून कोपऱ्यावर, आणि ओठ आवाजाच्या अर्धा शब्द पुढे. माकड झालं, झाड झालं, मगर झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बोट थांबलं.

“मि… त… र… हा कोन्ता शब्द आहे वं मावशी?”

शब्द होता ‘मित्र’.

तेव्हापासून हा हिशेब माझ्या डोक्यात बसला आहे. मराठीत मैत्रीचे शब्द पाहा: मित्र, मैत्रीण, दोस्त, गट्टी. प्रत्येकात जोडाक्षर. ‘गोष्ट’ आणि ‘पुस्तक’ या शब्दांतही जोडाक्षर. ‘प्राणी’ म्हटलं की पहिल्याच अक्षराला ठेच. म्हणजे प्राण्यांच्या मैत्रीच्या गोष्टीचं पुस्तक म्हटलं की नव्या वाचकापुढे चार दगड मांडलेले. पण भाषेने दुसरी वाटही ठेवली आहे. सोबती, सवंगडी, सांगाती, जिवलग, सखा. एकातही जोडाक्षर नाही आणि प्रत्येक शब्द ‘मित्र’पेक्षा उबदार.

प्राण्यांचंही तसंच. वाघ, माकड, ससा, कासव, चितळ, सांबर, मोर, घुबड, रानगवा, साळिंदर, नीलगाय: सरळ वाचता येतात. कुत्रा, बिबट्या, अस्वल, कोल्हा, लांडगा यांपैकी शेवटचा तेवढा सोपा, बाकीचे अवघड. जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तकं मराठीत निघतात ती याच कारणाने. पहिल्या टप्प्यावर मुलाला यश चाखू द्यायचं, दगड नंतर.

एक गंमत मी कागद घेऊन तपासली. चंद्रपूर जिल्ह्यात १५ तालुके, गडचिरोलीत १२. या २७ नावांपैकी पहिलीतलं मूल जोडाक्षराला न अडखळता किती वाचेल? वीस! वरोरा, चिमूर, नागभीड, सावली, राजुरा, जिवती, धानोरा, कोरची, अहेरी, सिरोंचा, भामरागड… धडाधड वाचत जाईल. अडकेल ते सात ठिकाणी: चंद्रपूर, भद्रावती, बल्लारपूर, पोंभुर्णा, चामोर्शी, एटापल्ली, आणि सगळ्यांत अवघड ब्रह्मपुरी. ताडोबा मात्र एकदम सोपं. एसटीच्या पाट्या वाचायला लावा मुलांना, फुकटचं वाचनालय आहे ते.

हेमलकसा: पाच अक्षरं, एकही जोडाक्षर नाही

आता खऱ्या गोष्टीकडे. प्राण्यांच्या दोस्तीची सगळ्यांत नामांकित मराठी कथा आपल्याच जंगलात घडली आहे.

२३ डिसेंबर १९७३ ला भामरागड तालुक्यातल्या हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया आदिवासींवर उपचार करायला तिथे राहिले. वीज नाही, रस्ता नाही. पावसाळ्यात नद्या चढल्या की जगाशी संबंध तुटलेला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे जवळच एकत्र येतात.

एकदा दोघं जंगलात फिरायला निघाले असताना शिकार करून परतणारे काही माडिया भेटले. खांद्यावर मारलेली माकडं, आणि एका मेलेल्या मादीला तिचं जिवंत पिल्लू अजून बिलगलेलं. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतलं आणि बदल्यात धान्य-कपडे देऊ केले. शिकार ही त्या माणसांची चैन नव्हती, भूक होती. हे ओळखूनच ही देवाणघेवाण झाली. त्या माकडिणीचं नाव ठेवलं बबली. तीन अक्षरी नाव, पहिलीच्या पहिल्या महिन्यात वाचता येईल असं.

मग ओळीनेच पाहुणे यायला लागले. जंगलात एखादं अनाथ पिल्लू सापडलं की लोक ते दवाखान्यात घेऊन येत. माणसांचा दवाखाना आणि प्राण्यांचं अनाथालय असे दोन्ही संसार शेजारी शेजारी वाढले. बिबटे, अस्वलं, हरणं, साळिंदरं, घोरपडी, मगरी. आणि त्यांच्या मधून बनियन-अर्धी चड्डी घातलेले डॉक्टर शांतपणे चाललेले. हे चित्र महाराष्ट्रातल्या मुलांनी फोटोत पाहिलेलं असतं. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्यावरच्या २०१४ च्या चित्रपटात नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्यांच्या भूमिका केल्या.

पण मला इथे सांगायचं आहे ते पुस्तकांबद्दल. हेमलकशात अनेक वर्षं कार्यकर्ते म्हणून राहिलेले विलास मनोहर यांनी तिथल्या एका बिबट्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ‘नेगल’. दुसऱ्या भागाचं नाव ‘हेमलकशाचे सांगाती’. पाहा, मनोहरांनीही ‘मित्र’ टाळून ‘सांगाती’ धरलं! स्वतः डॉ. आमटे यांचं प्राण्यांवरचं पुस्तक ‘रानमित्र’. ही पुस्तकं मोठ्यांनी मन लावून वाचावीत अशी. पण सात वर्षांच्या मुलाला ती एकट्याने झेपणार नाहीत. अक्षर बारीक, पानं खूप, वाक्यं लांब.

आणि ‘नेगल’ या नावात केवढी सोय आहे! ‘बिबट्या’ म्हटलं की मूल अडखळतं, ‘नेगल’ म्हटलं की वाचून मोकळं. प्राण्याला नाव दिलं की तो जवळचा होतो हे आपल्याला ठाऊक आहे. नाव दिलं की तो वाचायलाही सोपा होतो, हे मला बबली आणि नेगलने शिकवलं. बबलीची आठ पानं, नेगलची आठ पानं. एवढं कुणी केलं तर आमच्या पोट्ट्यांचं पहिलं पुस्तक तयार.

एक गोष्ट मात्र अशा पुस्तकात मागच्या पानावर छापायलाच हवी. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ असतंच असं नाही. आई बऱ्याचदा जवळपास असते. हात लावायचा नाही, उचलायचं नाही, वनविभागाला कळवायचं. हेल्पलाइन १९२६. हेमलकशाला जे झालं ते जंगलातल्या भुकेमुळे आणि दोन डॉक्टरांच्या आयुष्यभराच्या कष्टांमुळे झालं. घरी बिबट्या पाळायची ती परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो कडक आहे.

आणखी एक. भामरागडच्या मुलाची घरची भाषा माडिया. शाळेत त्याला ‘माकड’ हा शब्दसुद्धा नवा असतो. १९७६ साली सुरू झालेल्या लोकबिरादरीच्या आश्रमशाळेत अशीच मुलं शिकत आली. याच प्रकल्पातल्या समीक्षा आमटे यांनी मुलांसाठी माडियात पुस्तकं केली, आणि प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मोफत संग्रहात मराठीबरोबर गोंडीतल्या गोष्टीही आहेत. तिथल्या गोष्टींना पायऱ्या लावलेल्या असतात. पहिल्या पायरीची गोष्ट म्हणजे पानाला जेमतेम एक-दोन वाक्यं. माझ्या मते गडचिरोलीतल्या प्रत्येक अंगणवाडीच्या मोबाइलमध्ये त्या उतरवून ठेवायला हव्यात.

वरून पाला, खालून पहारा

पुस्तकातल्या जोड्या कल्पनेतल्या असतात असं कुणी म्हटलं तर त्याला ताडोब्याला न्यावं. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं.

तिथली नंबर एकची जोडी: वानर आणि चितळ. वानर झाडावर बसून खातं तेव्हा निम्मं खातं, निम्मं सांडतं. एक कोवळं पान तोडलं, अर्धं चावलं, टाकलं. फळाला एक चावा, टाकलं. घरी असं केलं तर पाठीत धपाटा बसेल. पण खाली चितळांचा कळप वाट बघत असतो, त्यांची पंगत या सांडलेल्यावरच चालते. बदल्यात काय? चितळाचं नाक आणि कान तिखट, वानराची नजर उंचावरून लांब पोचणारी. वाघ दिसला की वानर खॅक-खॅक ओरडतं, चितळ तीक्ष्ण आवाज काढून पाय आपटतं, आणि दोघंही सावध. मोहर्लीचे गाइड गाडी बंद करून बोट ओठांवर ठेवतात आणि कुजबुजतात, “कॉल आहे.” त्या क्षणी जिप्सीतल्या पोरांचे चेहरे बघा. कुठल्याही चित्रपुस्तकातला सगळ्यात चांगला पान उलटण्याचा क्षण तो.

अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर बसवून फिरते. अस्वलांच्या जातींमध्ये ही सवय आपल्याच अस्वलाची. पाठीवरचे केस लांब नि दाट, पिल्लं त्यांना घट्ट धरून बसतात. बहुधा दोन पिल्लं असतात, म्हणजे पुढे कोण बसणार यावर एक गोष्ट तयारच. शिवाय या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी सर्रकन ओढतं, आणि तो आवाज शंभर मीटरांवरही ऐकू येतो. पुढचे दात पडलेल्या सहा वर्षांच्या मुलाला हे सांगून पाहा. त्याला अस्वल सख्ख्या भावासारखं वाटेल. (किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मधला बालू म्हणजे हाच, नाव सरळ हिंदी भालूवरून.)

रानगवा नि गायबगळा: एक टनाच्या आसपासचा देह आणि त्याच्या पायाशी पांढरी लुकडी सोबत. गवताला धक्का लागला की किडे उडतात, बगळ्याचं जेवण होतं. कोतवाल पक्षी तर गुराच्या पाठीवर स्वार होऊनच किडे टिपतो. त्याचा लांब शेपटीचा भाऊबंद भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. प्रत्येक वर्गात एक असतोच तसा.

हे सगळं लिहिताना एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सिंदेवाहीकडच्या एका गावात मी विचारलं होतं, वाघाची गोष्ट सांगू का? तो म्हणाला, “नको.” गावाशेजारी वाघ फिरत होता, संध्याकाळी सहानंतर दारं बंद होत होती. आमच्या मुलांसाठी वाघ हा मऊ खेळण्यातला वाघ नाही. म्हणून आमच्याकडच्या गोष्टीत वाघाला ओढूनताणून कुणाचा लाडका दोस्त करू नये. वाघ वाघच राहावा. माकड, चितळ, अस्वल, बगळे, ससे पुरेसे आहेत हसायला. आणि वाघाशी माणसाचं नातं सांगायचंच तर ताडोब्याच्या तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजून मेलेला गावचा प्रमुख देव झाला, त्याच्यावरून जंगलाला नाव पडलं. तिथे विनोद नको, मान हवा.

थोडं जगात फिरून

आपल्या पंचतंत्राचा दुसरा भाग मैत्रीचाच: कावळा, उंदीर, कासव आणि हरीण. सहाव्या शतकात ते पहलवीत गेलं, आठव्यात अरबीत, आणि तिथून पुढे युरोपभर. मूळ नावं मात्र हिरण्यक, चित्रांग, लघुपतनक. मुलांसाठी सांगताना मी तरी उंदराला नवं नाव ठेवते.

अमेरिकेत १९५० च्या दशकात तक्रार होती की पहिलीची वाचनपुस्तकं कंटाळवाणी आहेत. तेव्हा डॉ. स्यूस यांनी ठरावीक सोप्या शब्दांच्या यादीतून ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) लिहिलं. पुस्तकात वेगवेगळे शब्द फक्त २३६. मग प्रकाशकाने पैज लावली की पन्नास शब्दांत लिहून दाखवा. १९६० मध्ये त्यांनी बरोबर ५० शब्दांत पुस्तक करून पैज जिंकली. कमी शब्दांत लिहिणं म्हणजे सोपं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जोडाक्षराशिवाय एक पान लिहून बघावं.

अर्नोल्ड लोबेल यांच्या बेडूकजोडीची चार पुस्तकं १९७० ते १९७९ या काळातली. एक उत्साही, एक कुरकुऱ्या. इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, गुळगुळीत हिरव्याला एक आणि खडबडीत तपकिऱ्याला दुसरा. मराठीत दोघंही बेडूक! भाषांतरकाराने काय करावं? मी म्हणते, नावं ठेवावीत. हिरवू आणि खरबू.

२००४ च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीत केनियाच्या किनाऱ्यावर पाणघोड्याचं एक पिल्लू एकटं पडलं. मोंबासाजवळच्या उद्यानात त्याला आणलं तर ते थेट सुमारे १३० वर्षांच्या एका महाकाय कासवाला जाऊन चिकटलं. कासव आधी फिसकारलं, मग रुळलं. दोघं एकत्र खात, एकत्र झोपत. पिल्लाचं नाव ओवेन, कासवाचं म्झे. (याचं मराठी करताना कासवाचं नाव बदलावं लागेल, पहिल्याच अक्षराला जोडाक्षर!) त्यांच्यावरचं पुस्तक २००६ मध्ये आलं. लेखकांमध्ये एक सहा वर्षांची मुलगी होती. वडिलांबरोबर तिने ते लिहिलं.

आणि हे तर घरी करून पाहण्यासारखं आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मुलांना कुत्र्यांसमोर मोठ्याने वाचायला बसवायचा उपक्रम सुरू झाला. कुत्रा चुका काढत नाही, घाई करत नाही, मधेच शब्द सांगत नाही. अडखळणारी मुलं मोकळी होतात. आमच्याकडे शेळी आहे, म्हैस आहे, कोंबड्या आहेत. श्रोत्यांना काय तोटा!

बांबूपासून पानापर्यंत

पुस्तकाचा कागदही आपल्याकडचाच असू शकतो. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ मधली, आणि ती उभी राहिली या जंगलातल्या बांबूच्या भरवशावर. ज्या बांबूच्या बेटात रानगवा उभा राहतो त्याच बांबूचा कागद, आणि त्या कागदावर रानगव्याची गोष्ट. मुलांना हे सांगितलं की ती पान नाकाशी धरून वास घेतात. मी पाहिलं आहे.

भाचीला मी सशाची गोष्ट तोंडी सांगितली होती. दंतकथेच्या जुन्या सांगण्यात शेवटी कुत्रा ससा मारतो, हेही लपवलं नाही. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहीचं मागचं पान घेऊन लिहायला बसली. पेन्सिल जिभेला लावून, एकेक अक्षर कोरत. ‘कुत्रा’पाशी अडली. ‘त्र’ जमेना. तीनदा खोडलं, कागद भुरका झाला. मग तिने शब्दच बदलला. वहीत असं आहे:

मोती पळाला. ससा मागे पळाला. मोती दमला. ससा पण दमला. दोघे झरपट नदीवर गेले. पाणी पिले.

खाली चित्र आहे. सशाच्या कपाळावर पिवळ्या खडूने केलेला चांद कानांपेक्षा मोठा.